रिकव्हरीच्या कोडमधलं कुलूप: काढायचं की ठेवायचं?

प्रश्न निपाणी भागातल्या एका तरुण प्रोग्रॅमरचा आहे. शंभरेक दूध संकलन केंद्रांचा हिशोब एका सर्व्हरवर ठेवणारं सॉफ्टवेअर त्याने सी++ मध्ये लिहिलंय. खालची साठवणही स्वतःचीच आहे: ८ केबीची पानं, बी-ट्री इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) आणि प्रत्येक बदल पुढे-पुढे लिहीत जाणारा लॉग. पावसाळ्यात वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली, की पुन्हा सुरू झाल्यावर रिकव्हरीला, म्हणजे लॉगवरून हिशोब पूर्ववत करायला, चार मिनिटं लागतात. तोवर संध्याकाळच्या रांगेत माणसं किटल्या घेऊन उभी. 'पर्फ' हे वेळ मोजणारं साधन लावून बघितलं तर २७ टक्के वेळ पानाचं लॅच, म्हणजे त्या पानावरचं छोटं कुलूप, घेणाऱ्या फंक्शनमध्ये जातोय. तो विचारतो: रिकव्हरी एकाच थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या कामाच्या एकाच धाग्यात) चालते, आत दुसरं कोणीच नाही, पुस्तकातही रिकव्हरीला लॉक लागत नाहीत असंच लिहिलंय, मग हे लॅच काढून टाकू का? आणि जमलं तर रिकव्हरी चालू असतानाच काउंटर उघडता येईल का?

वयाने तू माझ्या मुलाएवढा असशील, म्हणून एकेरीत लिहितो. काढू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको. पण 'काढू नको' एवढंच सांगून गप्प बसणारी मोठी माणसं मलाही माझ्या वेळी भेटली होती आणि मी त्यांचं ऐकलं नव्हतं. म्हणून आधी हिशोब मांडतो.

तुझी ती २७ टक्के कशाची आहेत? पर्फ साधारणपणे प्रोसेसर काम करत असतानाचा वेळ मोजतो. डिस्कची वाट बघत थ्रेड झोपला असेल तर तो वेळ त्याच्या हिशोबात धरलाच जात नाही. रिकव्हरीला 'टाइम' ही कमांड लावून चालव आणि दोन आकडे शेजारी ठेव, घड्याळाचा वेळ आणि युजर वेळ (प्रोसेसरवर गेलेला). माझा अंदाज, घड्याळात चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद दिसतील आणि प्रोसेसरवर जेमतेम दीड-दोन सेकंद. दोन सेकंदांचे २७ टक्के म्हणजे अर्धा सेकंद. सगळे लॅच उपटून टाकलेस तरी २४० चे २३९.५ होणार. रांगेतल्या माणसाला त्याचं काय?

दुसऱ्या बाजूनेही मोजून बघू. शंभर केंद्रं, प्रत्येकी अडीचशे सभासद, सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला ५०,००० पावत्या. एका पावतीमागे मूळ नोंद, दोन-तीन इंडेक्स, सभासदाची बाकी असं धरून दहा लॉग रेकॉर्ड. म्हणजे ५ लाख रेकॉर्ड, आणि रेकॉर्डला दोन पानं धरली तर १० लाख वेळा लॅच घेणं आणि सोडणं. ज्या लॅचवर दुसरं कोणी वाट बघत नाही ते घेणं म्हणजे प्रोसेसरची मध्ये तोडता न येणारी एक क्रिया, आणि सोडणं म्हणजे आणखी एक. आजच्या साध्या प्रोसेसरवर दोन्ही मिळून ५० नॅनोसेकंद धर, तेही हात सैल सोडून. दहा लाखांना ५० मिलिसेकंद. तुझ्या पर्फमध्ये अर्धा सेकंद दिसतोय तो बहुधा त्याच फंक्शनमध्ये पान बफरच्या (मेमरीत आणलेली पानं ठेवायच्या जागेच्या) हॅश टेबलात शोधण्याचं कामही चालतं म्हणून. लॅच काढलंस तरी ते शोधणं करावंच लागणार.

मग चार मिनिटं जातात कुठे? तुझ्या सर्व्हरला फिरती डिस्क आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला अर्धी फेरी फिरायलाच ४ मिलिसेकंदांच्या वर लागतात. त्यात डिस्कचं वाचणारं डोकं हलवण्याचा वेळ धरला की कुठलंतरी एक पान उचलायला ८ ते १० मिलिसेकंद. असं २०,००० वेळा झालं की २०० सेकंद गेले. तुझा बफर लहान असेल तर तेच पान आत येतं, बाहेर फेकलं जातं, पुन्हा आणावं लागतं. चेकपॉइंट, म्हणजे बदललेली पानं डिस्कवर उतरवून लॉगमध्ये खूण करणं, तू फक्त रात्री घेतोस, म्हणजे संध्याकाळी सात वाजता वीज गेली की सकाळपासूनचा सगळा लॉग पुन्हा चालवायचा. खर्च तिथे आहे, आणि औषधही तिथेच लावायला हवं. त्याकडे शेवटी येतो.

आता पुस्तकाचा मुद्दा. पुस्तक बरोबर आहे, तू वाचलंस चुकीचं. यात तुझा फारसा दोष नाही, कारण मराठीत बोलताना आपण दोन्ही गोष्टींना 'लॉक' म्हणतो आणि मोकळे होतो. लॉक असतो ट्रॅन्झॅक्शनचा, म्हणजे एका सबंध व्यवहाराचा: सभासद क्रमांक ४१२ ची बाकी मी बदलतोय, माझं काम संपेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही. तो मिनिटभरही टिकू शकतो, आणि दोन ट्रॅन्झॅक्शन एकमेकांत अडकली तर सोडवणारी यंत्रणा त्याच्यामागे असते. लॅच असतं पानाचं: या ८ केबीतले बाइट मी हलवतोय, काही मायक्रोसेकंद थांब. त्याच्यामागे सोडवणारं कोणी नसतं, ठरलेल्या क्रमाने घ्यायचं आणि लगेच सोडायचं.

१९९२ साली सी. मोहन आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एरीज ही रिकव्हरीची पद्धत सविस्तर मांडली. आज जवळपास प्रत्येक मोठ्या डेटाबेसच्या रिकव्हरीत तिचा अंश आहे. तिच्यात तीन फेऱ्या: आधी लॉग वाचून परिस्थिती समजून घ्यायची, मग जे झालं होतं ते सगळं जसंच्या तसं पुन्हा करायचं, मग अर्धवट राहिलेली ट्रॅन्झॅक्शन उलटी फिरवायची. मधल्या फेरीला, म्हणजे रिडूला, ट्रॅन्झॅक्शनचे लॉक लागत नाहीत. का? कारण कोण आधी आणि कोण नंतर हे भांडण मूळ वेळी लॉकनीच मिटवलेलं असतं आणि त्याचा निकाल लॉगच्या क्रमात उतरलेला असतो. आपण तो क्रम मोडला नाही तर पुन्हा भांडायचं कारण नाही. प्रत्येक पानावर शेवटच्या लागू झालेल्या रेकॉर्डचा क्रमांक असतो, त्यामुळे एकच रेकॉर्ड दोनदा लागायचीही भीती नाही. 'रिकव्हरीला लॉक लागत नाहीत' हे वाक्य इथलं आहे. बाइट हलवताना दुसऱ्याने डोकावू नये, हा प्रश्न त्या वाक्याच्या पलीकडचा.

म्हणजे सगळं येऊन ठेपतं एका गोष्टीवर. 'आत दुसरं कोणीच नाही' हे तुला कोणी सांगितलं?

आपल्याकडची तंबाखूची वखार घे. मालक रविवारी एकटाच आत जातो, दार उघडं टाकतो, कोण येणार आहे? बरोबर आहे. पण किल्लीची दुसरी प्रत दिवाणजीकडे असते, हमालांना मागचा दरवाजा माहीत असतो, आणि पुढच्या वर्षी वखारीचा अर्धा भाग भाड्याने गेलेला असतो. मालक एकटा होता हे त्या रविवारपुरतं खरं होतं. कोड मात्र सगळ्या रविवारांसाठी लिहिलेला असतो.

तुझ्या प्रोग्रॅममध्ये आज बघ. बफरमधली मळकी (बदललेली, पण अजून डिस्कवर न गेलेली) पानं डिस्कवर लिहिणारा थ्रेड रिकव्हरीच्या आधी सुरू होतो की नंतर? आधी होत असेल तर तू एकटा नाहीस. रिडू पानावर नोंद सरकवतोय आणि त्याच क्षणी हा थ्रेड पानाचा चेकसम (बाइटांची पडताळणीची बेरीज) काढतोय. चेकसम निघाला अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या बाइटांचा, आणि डिस्कवर गेलं भलतंच पान. त्या दिवशी काहीच कळत नाही. मेमरीतलं पान ठीक असतं, काम चालू राहतं. पुढच्या वेळी ते पान डिस्कवरून वाचताना चेकसम जुळत नाही, आणि तू डिस्क बनवणाऱ्याला शिव्या घालतोस. बॅकअप घेणारा थ्रेड, प्रगतीची पट्टी दाखवणारा थ्रेड, आकडेवारी गोळा करणारा थ्रेड, एकेकाला विचार की तू रिकव्हरीच्या वेळी कुठे असतोस.

आणखी एक गोष्ट. लॅच नुसतं दार नसतं, मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रमही ते पाळायला लावतं. इंटेलच्या प्रोसेसरवर लिहिलेले शब्द दुसऱ्या कोअरला बहुतेक त्याच क्रमाने दिसतात, म्हणून लॅच नसलेला कोड वर्षानुवर्षं चालून जातो. उद्या हाच कोड तू केंद्रावरच्या एआरएमच्या छोट्या बोर्डावर टाकलास, तर तिथला प्रोसेसर तो क्रम पाळायला बांधलेला नाही. पानावरचा रेकॉर्डचा क्रमांक नवा दिसेल आणि आतली नोंद जुनी.

माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे मी हे एवढं तावातावाने का लिहितोय ते कळेल. बरीच वर्षं झाली. खानापूरकडच्या एका पतसंस्थेचं काम होतं, खालची साठवण मी लिहिलेली. तुझाच युक्तिवाद मी केला होता, शब्दही जवळजवळ हेच. रिडूमधले लॅच काढले, रिकव्हरी किंचित जलद झाली, मी खूश. दोन वर्षांनी संस्थेने मागणी केली की सर्व्हर उठत असताना निदान सभासदाचं नाव तरी शोधता यावं. मी तेव्हा दुसऱ्या कामात होतो. सोबतच्या मुलाने 'फक्त वाचायचंच आहे' म्हणून शोधाचा पडदा आधी उघडून दिला. मी लॅच काढलेत हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं, कारण मी ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

आता बी-ट्रीचं पान भरल्यावर काय होतं ते डोळ्यांसमोर आण. नावांच्या इंडेक्सचं एक पान आहे, आपल्या भागात त्यात निम्मे पाटीलच. पान भरलं, म्हणून अर्ध्या नोंदी उजवीकडच्या नव्या पानावर गेल्या, डाव्या पानावरून पुसल्या, डाव्याचा दुवा नव्या पानाकडे वळवला आणि वरच्या पानात नवी खूण केली. नेहमीच्या चालीत हे होईपर्यंत डाव्या पानाचं लॅच सोडत नाहीत. माझ्या रिडूमध्ये लॅचच नव्हतं, आणि मी आधी डावं पान कापत होतो, मग उजवं भरत होतो. त्या मधल्या काही मायक्रोसेकंदांत ज्याने शोध घेतला त्याला अर्धे पाटील गायब.

कॅशियरने नाव शोधलं, पडद्यावर आलं 'सभासद सापडला नाही'. समोर माणूस पैसे घेऊन उभा. त्याने काय केलं असेल? नवा सभासद उघडला. असं तिघांच्या बाबतीत झालं. एका माणसाचे शेअर एका क्रमांकावर, ठेव दुसऱ्यावर, आणि कर्जाला जामीन राहिलेला तो तिसराच असल्यासारखा. त्यात नावं कन्नड आणि मराठी दोन्ही लिपींत नोंदवलेली, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की लिपीचा घोळ आहे. मार्चअखेरच्या तपासणीत ते उघडं पडलं. कारण शोधायला मला आणखी तीन आठवडे लागले, कारण चाचणीत ते कधी घडेचना. दहा हजार वेळा 'किल -९' मारून प्रोग्रॅम पाडला तरी नाही. ते घडायला रिकव्हरी चालू असताना नेमक्या त्या पानावर माणसाने नाव टाइप करावं लागतं, आणि तसं वागायला माझ्या चाचणीत कॅशियर नव्हता.

वाचवलेला वेळ किती होता ते नंतर मोजलं. सेकंदाच्या आत.

हे आपल्यासारख्या गावाकडच्या लोकांचंच होतं असं समजू नकोस. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २००१ च्या ७.१ आवृत्तीपासून आधी लॉग लिहून मग पान बदलायची पद्धत आली. तेव्हा रिकव्हरी म्हणजे खरोखरच एकट्याचं काम होतं. २०१० साली ९.० आवृत्तीत दुय्यम सर्व्हरवर (मुख्य सर्व्हरचा लॉग सतत पुन्हा चालवत राहणाऱ्या प्रतीवर) रिकव्हरी चालू असतानाच लोकांना वाचायची सोय झाली. रिकव्हरी आता चार मिनिटांचं काम राहिलं नाही. दुय्यम सर्व्हर जिवंत आहे तोवर ती चालूच, आणि शेजारी वाचक बसलेले. त्यांच्या कोडमध्ये लॉगवरून पान आणणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर एक टीप आहे. तिचा अर्थ साधारण असा: एकट्याने चालणाऱ्या क्रॅश रिकव्हरीत हे लॅच खरं तर गरजेचं नाही, पण पान मळकं झालं अशी खूण करणारी फंक्शनं ते नसेल तर तक्रार करतात; आणि वाचक सोबत असतील तेव्हा तर ते हवंच. म्हणजे तुझा मुद्दा त्यांना माहीत आहे, मान्यही आहे, तरी त्यांनी लॅच ठेवलंय. मला ती टीप आवडते, कारण तिच्यात कुठला खर्च टाळता आला असता आणि तो का टाळला नाही, हे दोन्ही लिहिलंय.

तरीही एक फट राहिलीच. बी-ट्रीमधलं रिकामं झालेलं पान साखळीतून काढताना मुख्य सर्व्हरवर शेजारची पानं ज्या शिस्तीने एकत्र धरून ठेवतात, ती शिस्त लॉग पुन्हा चालवणाऱ्या फंक्शनने पाळली नव्हती. त्यामुळे दुय्यम सर्व्हरवर इंडेक्स उलट्या क्रमाने वाचणारी क्वेरी मधल्या अवस्थेत सापडून 'डावं शेजारी पान सापडत नाही' अशी चूक देऊ शकत होती. हे २०२० मध्ये दुरुस्त झालं. वाचक आत आल्यापासून दहा वर्षं, आणि तो कोड जगभरातली उत्तम माणसं वाचतात.

पुढे २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत त्यांनी पानं लिहिणारी आणि चेकपॉइंट घेणारी प्रोसेस साध्या क्रॅश रिकव्हरीतही आधीच सुरू करायला घेतली. 'निदान क्रॅश रिकव्हरीत तरी आपण एकटे' हेही तिथे संपलं. ज्याने लॅच ठेवलं होतं त्याला काहीच बदलावं लागलं नसणार.

मग लॅचचा खर्च कधीच खरा नसतो का? असतो, पण तो घेण्यात नसतो, थांबण्यात असतो. रिकामं लॅच ५० नॅनोसेकंदांचं. आत कोणी बसलं असेल तर तो उठेपर्यंत थांबणं कितीही. पोस्टग्रेसमध्येच बघ: मेलेल्या नोंदी झाडून पान आवरायचं असेल तर नुसतं लॅच पुरत नाही, त्या पानाकडे दुसऱ्या कोणाचं बोटही नसावं लागतं. दुय्यम सर्व्हरवर एखादा लांबलचक रिपोर्ट त्या पानावर बोट ठेवून बसला, तर सगळी रिकव्हरी त्याच्यासाठी थांबते. किती थांबायचं याची सेटिंग आहे, मूळ आकडा ३० सेकंद, त्यानंतर रिपोर्टवाल्याला हाकलतात. इथे खर्च आणि अचूकपणा यांची खरी ओढाताण आहे. रिपोर्ट जगवायचा की दुय्यम सर्व्हर ताजा ठेवायचा, हे डेअरीच्या मॅनेजरला विचारून ठरवायचं असतं, प्रोग्रॅमरने परस्पर नाही. आणि तिथेही लॅच काढून टाकणं हा पर्याय कोणी मांडत नाही.

आता दुसरा प्रश्न, काउंटर लवकर उघडायचा. यात रिडूपेक्षा अनडू, म्हणजे ती शेवटची उलटी फेरी, जास्त त्रास देतो. समज, दरपत्रक दुरुस्त करणारं ट्रॅन्झॅक्शन चालू होतं, दहा दिवसांच्या बिलात चारशे सभासदांची बाकी बदलायची होती, दीडशेची बदलली आणि वीज गेली. उठल्यावर रिडूने ते दीडशे पुन्हा बदलले. अनडू आता एकेक करून ते उलटवणार. तेवढ्यात काउंटर उघडला आणि ९० व्या सभासदाने उचल घेतली. अनडूने त्याची जुनी बाकी परत लिहिली. उचल गेली वाऱ्यावर.

इथे ट्रॅन्झॅक्शनचे लॉक पुन्हा उभे करावे लागतात, पुस्तकातलं ते वाक्य इथे लागू नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसचं साठवणीचं इंजिन, इनोडीबी, हेच करतं. रिडू झालं की दार उघडतं, अर्धवट ट्रॅन्झॅक्शन मागच्या थ्रेडमध्ये उलटवत राहतं, पण त्यांनी हात लावलेल्या नोंदी तोवर कुलूपबंद असतात. आणि हे त्यांनी स्वस्तात केलंय: प्रत्येक नोंदीवर तिला शेवटचं बदलणाऱ्या ट्रॅन्झॅक्शनचा क्रमांक असतोच. तो क्रमांक अजून न संपलेल्या ट्रॅन्झॅक्शनचा दिसला की नोंद बंद आहे असं समजायचं. लॉकची वेगळी यादी बांधत बसायला नको. तुझ्या नोंदींवर असा क्रमांक आहे का? नसेल तर काउंटर लवकर उघडायचा विचार तूर्त सोड.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधली एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण तुझ्या केंद्रांवरच्या संगणकात बहुधा तेच आहे. तिथे पानाचा जुना मजकूर जर्नल फाइलमध्ये ठेवतात, आणि काम अर्धवट राहिलं तर डेटाबेस जो आधी उघडेल तो त्यावरून ते उलटवतो. म्हणजे रिकव्हरी कोण करणार हेच लॉकने ठरतं. नेहमी लिहिणारा आधी 'रिझर्व्ह्ड' लॉक घेतो. रिकव्हरी करणारा मात्र तो मुद्दाम टाळतो आणि 'पेंडिंग'वरून थेट 'एक्स्क्लुझिव्ह'कडे जातो. कारण दुसऱ्या प्रोसेसला रिझर्व्ह्ड लॉक दिसला तर तिला वाटेल की कोणीतरी नेहमीचं लिखाण करतंय, जर्नल जिवंत माणसाचं आहे, आणि ती अर्धवट फाइल बिनधास्त वाचेल. एक लॉक जास्त घेतल्यानेही अचूकपणा जातो, तो असा. म्हणून 'भीती वाटते, सगळीकडे लॉक लाव' हेही मी सांगत नाहीये. आणि ती फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवू नकोस, तिथले फाइल लॉक कधी खोटं बोलतील सांगता येत नाही.

आता काय करायचं ते. चेकपॉइंट रात्रीऐवजी दर पाच-दहा मिनिटांनी घे. एकदम सगळी पानं लिहून संकलनाच्या वेळी डिस्क गुदमरवू नकोस, त्या मुदतीत थोडी-थोडी पसरून लिही. नुसत्या एवढ्याने तुझी चार मिनिटं काही सेकंदांवर यायला हवीत. मग रिडूच्या आधी लॉग थोडा पुढे वाचून लागणारी पानं डिस्ककडे आगाऊ मागून ठेव, शक्य तर पानाच्या क्रमांकाप्रमाणे लावून, म्हणजे डोकं उड्या मारत बसणार नाही. पोस्टग्रेसने १५ व्या आवृत्तीत रिकव्हरीत असं आगाऊ मागणं आणलंय. बफर वाढव. आणि फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी घे की रे.

लॅचच्या बाबतीत रिडूने आणि नेहमीच्या कामाने पान बदलायला एकच फंक्शन वापरावं. पान फोडायचा कोड तू दोनदा लिहिला असशील, एकदा नेहमीचा आणि एकदा रिकव्हरीचा. तिथेच दोन शिस्ती तयार होतात, आणि मग एक बदलते, दुसरी तशीच राहते. पान मळकं करणाऱ्या फंक्शनमध्ये 'माझ्याकडे या पानाचं लॅच आहे' अशी तपासणी घाल, नसेल तर प्रोग्रॅम तिथेच पाडायचा. चाचणीच्या बिल्डमध्ये ती कायम चालू ठेव. माझ्या त्या पतसंस्थेच्या कोडमध्ये ही एक ओळ असती तर लॅच काढलेल्या दिवशीच मला अडवलं असतं.

पुढेमागे रिडू चार थ्रेडमध्ये वाटायची पाळी आली, तर पानाच्या क्रमांकावरून वाटणी कर, म्हणजे एक पान कायम एकाच थ्रेडकडे आणि त्या पानापुरता लॉगचा क्रम शाबूत. एकाच रेकॉर्डमध्ये दोन पानं असतील, जसं पान फोडताना असतं, तिथे दोन थ्रेडना एकमेकांसाठी थांबावं लागेल. ते काम नाजूक आहे, दूध बिलाच्या आठवड्यात सुरू करू नकोस.

आणि एवढं सगळं करून, मोजून, तरीही लॅच खरोखर आड येतंय असं दिसलं, तर काढायची एक रीत आहे: सबंध रिकव्हरीपुरतं एकच मोठं कुलूप. बाकीचे सगळे थ्रेड त्याच्या बाहेर अडकलेले, आणि पानाचं लॅच घेणारं फंक्शन आधी ते मोठं कुलूप आपल्याच हातात आहे याची खात्री करून मगच पुढे जाणारं. म्हणजे 'आत कोणी नाही' हे तुझ्या डोक्यात न राहता कोडमध्ये राहतं, आणि उद्या एखाद्या मुलाने पडदा लवकर उघडला तर तो दाराशीच थांबतो.

रांगेतल्या माणसांसाठी मी वेगळा रस्ता घेतला असता. संकलनाच्या वेळी काउंटरला खरं काय लागतं? सभासद क्रमांक, काट्यावरचं वजन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक) आणि आजचा दर. यातलं काहीही त्या बी-ट्रीतून वाचायची गरज नाही. दरपत्रकाची आणि सभासद यादीची सकाळी काढलेली प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेव, फक्त वाचायची. रिकव्हरी चालू असताना आलेली पावती एका नव्या, कोऱ्या लॉगमध्ये नुसती जोडत जा, प्रत्येक पावतीनंतर ती डिस्कवर पक्की कर, आणि छापील पावती माणसाच्या हातात दे. रिकव्हरी संपली की तो लॉग नेहमीच्या वाटेने आत घाल, प्रत्येक पावतीला आधीच दिलेला क्रमांक तपासून, म्हणजे तो चुकून दोनदा चालला तरी दूध दोनदा जमा होणार नाही. काउंटर आणि रिकव्हरी एकाच पानाला कधी शिवतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यात लॅच घ्यायला काही उरतच नाही. सकाळनंतर झालेला नवा सभासद त्या यादीत दिसणार नाही, त्याचा क्रमांक तपासल्याशिवाय तसाच घे आणि नंतर जुळव. नावावरून शोध तेवढा वेळ बंदच ठेव. आणि त्या पावतीवर 'आजवरची बाकी' छापू नकोस. ती रक्कम त्या चार मिनिटांत कोणालाच माहीत नसते, तुझ्या प्रोग्रॅमलाही नाही.